रिकामा ट्रक कुणीही थांबवतो

गाडी चालू करून देणारे मिस्त्री सोलापुरात गल्लोगल्ली सापडतात. थांबवून देणारा मात्र मी एकटाच. हे मी स्वतःच चाळीसेक वर्षं सांगत आलोय, आणि अजून कुणी खोटं पाडलेलं नाही, म्हणजे खरंच असणार.

मी दस्तगीर मिस्त्री. राहायला शुक्रवार पेठेत, गॅरेज पुणे रस्त्याला, मोहोळच्या अलीकडे. गॅरेजावर पाटी नाही. पाटी हवी कशाला? ज्याचा ब्रेक लागत नाही तो बरोबर माझ्याच भिंतीला येऊन धडकतो. ती भिंत आजवर इतक्यांदा बांधून झाली की आमच्या गवंड्यानं तिच्या जिवावर दोन मुलींची लग्नं उरकली.

या अंकाच्या संपादकांनी फोनवर अट घातली : मिस्त्री, जे घडलं तेच लिहायचं. मी म्हटलं, साहेब, जे घडलं तेच हवं असेल तर पंचनामा मागवा, लेख कशाला मागवता? आमच्या घरातून ते ऐकू गेलं. आतून आवाज आला, "सारे सोलापूर के गाड्यां कू ब्रेक लगाए, खुद के मुंह कू लगाने का रह गया." तेव्हा वाचकहो, आवरतं घ्यायचा प्रयत्न करतो. पण माझ्या धंद्यात एक पक्कं ठाऊक आहे : ब्रेक दाबल्याबरोबर काही थांबत नसतं. थोडं पुढं जाऊनच थांबतं.

ब्रेकच्या धंद्यात माणसाचा स्वभाव पायात दिसतो. काही जण पायडल असं दाबतात जणू खाली विंचू आहे. काही जण नुसतं कुरवाळतात. माढ्याचा एक ड्रायव्हर ब्रेक दाबताना सीटवरून पुरता उभा राहायचा, डोकं टपाला लागायचं. त्याच्या केबिनचं टप बाहेरून बघितलं तर मधोमध टेंगूळ आलेलं होतं. अक्कलकोटकडचा एक जण ब्रेक लावताना ट्रकला कानडीतून समजवायचा, "निल्लु, निल्लु!" म्हणजे थांब बाबा, थांब. तो ट्रक पुढं बार्शीच्या माणसानं घेतला आणि आठवड्यात माझ्याकडे आणला, थांबत नाही म्हणून. मी ब्रेकचे लायनर, म्हणजे आतले घासणारे पट्टे, बदलले आणि वर तेवढा एक कानडी शब्दही शिकवून पाठवला. परत तक्रार आली नाही. गुण लायनरचा की शब्दाचा, हे मी आजही शपथेवर सांगू शकणार नाही.

असो. सांगायची गोष्ट एकाच ट्रकची आहे. मागच्या चाकांचे ड्रम काढून डिस्क बसवलेल्या ट्रकची. असं काम आमच्या पट्ट्यात आधी कुणी केलेलं नव्हतं. म्हणजे मला माहीत असलेल्यांपैकी कुणी नाही, आणि मला सगळेच माहीत आहेत.

ज्यांनी आयुष्यात फक्त पायडल बघितलंय त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ड्रम ब्रेक म्हणजे चाकाबरोबर फिरणारं एक लोखंडी पातेलं, पालथं घातलेलं. त्याच्या आत चंद्रकोरीसारखे दोन शू. तुम्ही ब्रेक दाबला की ते शू फाकतात आणि पातेल्याला आतून घासून धरतात. डिस्क ब्रेक म्हणजे फिरणारी लोखंडी परात. तिच्या काठाला कॅलिपर नावाचा चिमटा बसवलेला. ब्रेक दाबला की तो परातीला दोन्ही अंगांनी पॅडमधे धरून आवळतो. ड्रम झाकलेला, म्हणून धूळ-चिखल बाहेर राहतो, पण तापला की आतल्या आत उकळतो. डिस्क उघडी, वारा लागतो, लवकर निवते. बऱ्याच छोट्या ट्रकना कंपनीतूनच पुढं डिस्क आणि मागं ड्रम असतात. आता हे ज्याला कळलं त्यानं माझ्या गॅरेजात नोकरी मागायला हरकत नाही.

तर काही वर्षांमागं, सोयाबीनचा हंगाम नुकता उरकत आलेला, असाच एक सहाचाकी छोटा ट्रक माझ्या दारात आला. वयानं जुना, रंगानं एकेकाळी निळा. त्यातून तीन माणसं उतरली, तिन्ही मोडनिंबची. पांढरेशुभ्र कपडे आणि टोपी घातलेले बाळासाहेब : ट्रकचे मालक, आणि गाडी चालवत आणलेली त्यांनीच. त्यांची धाकटी बहीण सुमन. आणि सुमनचा नवरा ज्ञानू, हाताची घडी घालून बाजूला उभा. ज्ञानू त्याच ट्रकचा ड्रायव्हर. म्हणजे महिन्याभरापूर्वीपर्यंत होता.

"मिस्त्री," बाळासाहेबांनी सुरुवात केली, "ब्रेकला कायबी झालेलं न्हाय. दोन गॅरेजात दाखवून आलोय. पन भनीचा हट्ट हाय, म्हनून आलो."

"मग झालंय कुणाला?" मी विचारलं.

"दाजीस्नी," बाळासाहेब ज्ञानूकडं न बघता म्हणाले. "दाजी झोपलं हुतं."

बहिणीचा नवरा म्हणजे आमच्याकडे मानाचा माणूस. त्याला अरे-तुरे करायचं नाही. बाळासाहेबांनी पुढचा अर्धा तास ज्ञानूचा जो उद्धार केला तो सगळा अहो-जाहोत केला. एवढ्या आदरानं कुणाची अब्रू काढलेली मी कधी ऐकली नव्हती.

झालं होतं असं. ज्ञानू तुळजापूरकडून सोयाबीनची पोती भरून सोलापूरला उतरत होता. घाटात ब्रेक लागेनात. त्यानं गिअर उतरवले, हॉर्न वाजवत दोन वळणं काढली आणि तिसऱ्याला ट्रक डोंगराच्या कडेच्या चारीत घातला. ट्रक कलंडला नाही, माणूस मेला नाही, पोती तेवढी फुटली. क्रेननं गाडी वर काढली, रिकामी केली, ब्रेक बघितले, तर ठणठणीत! दुसऱ्या गॅरेजात बघितले, तिथंही ठणठणीत. मग बाळासाहेबांनी निकाल लावला : माणूस डुलकला. मोडनिंबच्या स्टँडवर चहा पिता पिता त्यांनी तो चारचौघांत जाहीरही करून टाकला.

"मी झोपलो न्हवतो," ज्ञानू म्हणाला. त्या अर्ध्या तासात तो बोललेला हा पहिला शब्द.

"आवो दाजी, आपली मानसं हायती हितं. झोपलो हुतो एवडं म्हना, चूक झाली म्हना, ही घ्या किल्ली, उद्यापास्नं चालवा. मी काय तुमाला टाकून देनार हाय व्हय?"

किल्ली हातभर अंतरावर होती. एक वाक्य बोललं की ट्रक हातात, घर चालू. नाहीतर दुसरा ड्रायव्हर बघून ठेवलेलाच होता. आणि डुलकी लागते असा डाग पडलेल्या माणसाला दुसरा मालक स्टिअरिंगला शिवू देत नाही. ज्ञानूनं किल्लीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"मिस्त्री, झोपलो आस्तो तर सांगितलं आस्तं. झोपनं काय चोरी हाय का? पन न्हाई झोपलो तर कसं म्हनू?"

सुमननं पदर खोचला आणि मुद्द्याला हात घातला. "मिस्त्रीमामा, म्होरं डिस्क हायती न्हवं? मागंबी बसवा. घाटात ड्रम तापत्यात म्हनं. ह्ये म्हनत्यात ब्रेक लागलं न्हाईत, दादा म्हनतो लागत्यात. मला दोगांचंबी ऐकायचं न्हाय. मला ब्रेक पायजेत."

मला माणूस असा आवडतो. मी तिथल्या तिथं काम घेतलं.

हे काम मनाला आलं म्हणून करायचं नसतं हे आधी सांगतो. कंपनीनं दिलेला ब्रेक बदलायचा तर परिवहन कचेरीची परवानगी लागते. बाळासाहेबांची तिथं उठबस. परवानगी मिळेपर्यंत मी सामानाच्या मागं लागलो.

परात म्हणजे डिस्क मिळाली, कॅलिपर मिळाले, अडलं ते दोघांची सोयरीक जुळवण्यात. एक्सलच्या टोकाला कॅलिपर बसायला जागाच नसते, कारण कंपनीनं तिथं कॅलिपर कधी कल्पिलेलाच नसतो. त्याला मधे एक जाड लोखंडी प्लेट लागते, एका बाजूनं एक्सलची भोकं, दुसऱ्या बाजूनं कॅलिपरची. ती केली नरसय्यानं. नरसय्या म्हणजे आमच्या पूर्व भागातला लेथवाला. घराणं पद्मशाली विणकरांचं, बाप-आजा मागावर, हा एकटा लोखंडात. हात असा की त्यानं कापलेल्या प्लेटला कानस लावली तर कानसच लाजते. ती पहिली प्लेट मी फार घाईत मागितली तेव्हा तो म्हणाला, "अय्यो दस्तगीरभाई, केसभर चुकलं तर चिमटा वाकडा बसतंय बघा. वाकडं बसलं की एकच अंग झिजतंय. घाई असंल तर चादर विणून देतो, ब्रेक नाय."

दुसरी अडचण हॅन्डब्रेकची. या गाडीचा हॅन्डब्रेक मागच्या ड्रमच्याच पोटात. ड्रम गेला की हॅन्डब्रेकही गेला. मग केबलवर चालणारा वेगळा छोटा चिमटा त्याच परातीला लावला. तिसरी गंमत कॅलिपरच्या डाव्या-उजव्याची. दोन्ही दिसायला जुळे भाऊ. पण प्रत्येकाच्या अंगावर हवा काढायचा एक नट असतो, तो वरच्या बाजूलाच यायला पाहिजे. ब्रेक ऑइलच्या नळीत हवा राहिली तर पायडल उशीसारखं दबतं आणि गाडी पळत राहते. हवा वर चढते, नट खाली असेल तर ती बाहेर यायची कुठून? पंढरपूर रस्त्याच्या एका मिस्त्रीनं डावा उजवीकडे लावला आणि दोन दिवस पायडल मारत बसला. शेवटी त्याच्या पिंढरीला गोळे आले, हवा तशीच. मी असल्या चुका करत नाही. मी दुसऱ्यांच्या सांगत फिरतो.

मागच्या एक्सलजवळ एक छोटा व्हॉल्व असतो, त्याला दांडी जोडलेली. तोही मी काढला, साफ केला, होता तसा परत लावला. दांडी रिकाम्या गाडीत जिथं असायला हवी तिथंच होती. त्या व्हॉल्वबद्दल पुढं बोलूच. तेव्हा मी त्याच्याकडं शेजाऱ्याच्या मांजराकडं बघावं तेवढंच बघितलं.

काम झालं. तिघं मोडनिंबहून आले. गॅरेजच्या मागं जुन्या रस्त्याचा एक तुकडा पडून आहे, हायवे झाल्यापासून तिथं फक्त शेळ्या फिरतात आणि मी. तिथं रस्त्यावर एक वीट ठेवली. मी स्टिअरिंगला, शेजारी बाळासाहेब. विटेच्या बऱ्याच अलीकडे ब्रेक दाबला. ट्रक असा थांबला की बाळासाहेबांची टोपी समोरच्या काचेला चिकटली. ती सुटायला तयार होईना. मला वाटतं तिथं अजून तिचा ठसा असेल.

बाळासाहेब खुशीत खाली उतरले. "वा मिस्त्री! आता दाजी, सांगा. ह्ये बगा ब्रेक. आदीबी आसंच हुतं, आता जरा आनी बरं झालं. ब्रेक काय करनार, डायवर जागा नसंल तर?"

ज्ञानू विटेपाशी उकिडवा बसला होता. तो म्हणाला, "रिकामी हाय म्हनून थांबली."

"म्हणजे?" मी म्हटलं. मला तो शब्द झोंबला, खोटं कशाला बोलू.

"मिस्त्री, रिकामा ट्रक कुनीबी थांबवतंय. घाटात मी भरलेला घेऊन उतरत हुतो. त्या दोन गॅरेजवाल्यांनीबी रिकामीच बगितली. तुमीबी रिकामीच. भरून बगा."

आता यात एक गोम आहे. आमच्या धंद्यात भरलेली गाडी गॅरेजात घेत नाहीत. कोणीच घेत नाही. जॅक दबतो, गाडी घसरते, खाली काम करणाऱ्याच्या छातीवर येते. म्हणून "आधी माल उतरवून ये" हे प्रत्येक मिस्त्रीचं पहिलं वाक्य. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही भरलेल्या गाडीचे ब्रेक रिकाम्या गाडीत तपासत आलोय. माझ्यासारखा थोर माणूसही. थोरपणाचं काय आहे, तो रिकाम्या गाडीत फार लवकर थांबतो.

"भरू," मी म्हटलं. "भरली तरी विटेच्या आत थांबवून दाखवतो. नाही थांबली तर माझी मिशी…" तेवढ्यात आठवलं की मिशी मला नाही. वाक्य तिथंच सोडलं.

मोहोळहून बाळासाहेबांची पेंडीची पोती मोडनिंबला जायचीच होती. ट्रक तिकडं नेला, भरला, सावकाश परत आणला. या खेपेला केबिनमधे मी आणि ज्ञानू. सुमन आणि बाळासाहेब कडेला बांधावर. मी मघाच्याच जागी, मघाच्याच वेगात ब्रेक दाबला.

वीट गेली. विटेपुढचं बाभळीचं झाड गेलं. झाडापुढं एक शेळी बसली होती. ती उठली, तिनं आमच्याकडं बघितलं, थोडा विचार केला, आळस दिला आणि बाजूला झाली. त्यानंतर ट्रक थांबला. नाकात जळक्या पॅडचा वास आणि शेजारी ज्ञानू. तो हसला नाही, "बगितलं?" म्हणाला नाही. त्यानं फक्त माझ्या पायाकडं बघितलं. माझा पाय अजून पायडलवर होता, मुळापर्यंत दाबलेला.

"आसंच," तो हळूच म्हणाला. "अगदी आसंच झालं हुतं."

मी खाली उतरलो. चाकांना उटी लावली, म्हणजे खाली दगड सरकवले. नवे पॅड, नवी परात, नळीत हवेचा बुडबुडा नाही, आणि थांबेना! मग एक गोष्ट केली जी ड्रम असता तर करताच आली नसती. तांब्याभर पाणी घेतलं आणि पुढच्या चाकाच्या डिस्कवर ओतलं. चर्रर्र! वाफेचा असा लोट उठला की बांधावरची सुमन दोन पावलं मागं सरली. दुसऱ्या बाजूला तेच. मग वाकून ट्रकखाली शिरलो आणि उरलेलं पाणी मागच्या, माझ्या हातच्या नव्याकोऱ्या डिस्कवर ओतलं.

काही नाही. पाणी नुसतं ओघळलं, आंघोळीला बसलेल्या म्हशीच्या पाठीवरून ओघळावं तसं.

"बाळासाहेब!" मी खालूनच ओरडलो. "या इकडं. खाली या!"

"आवो मिस्त्री, कापडं पांढरी हायती."

"राहू द्या ती पांढरी. या!"

पांढऱ्या कपड्यांतले बाळासाहेब कोपरांवर रांगत ट्रकखाली आले. मी त्यांचा हात धरून मागच्या डिस्कवर ठेवला.

"गार हाय की," ते म्हणाले.

"पुढचीवर ठेवू? तळहाताची भाकरी होईल. पुढच्या दोन चाकांनीच सगळं ओझं अडवलं. मागची चार चाकं नुसती वरातीला आली होती, जेवून निघाली. ब्रेक चांगला आहे हो, पण त्याच्यापर्यंत जोर पोचतच नाही."

आणि मग, तिथं पाठीवर पडल्या पडल्या, मला ती दांडी दिसली. शेजाऱ्याचं मांजर!

तो व्हॉल्व म्हणजे वजनाचा चौकीदार. गाडी रिकामी असताना ब्रेक लागला की वजन पुढं झुकतं, मागचा भाग हलका होतो. तेव्हा मागच्या चाकांना पूर्ण जोर दिला तर ती जाम होतात आणि ट्रक शेपटीकडून गोल फिरतो. म्हणून रिकाम्या गाडीत हा चौकीदार मागं थोडाच जोर सोडतो. माल भरला की पाटे, म्हणजे चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, दबतात, चेसिस एक्सलकडं खाली येते, दांडी वर ढकलली जाते, आणि चौकीदाराला कळतं : गाडी भरली, सोड आता सगळा जोर. त्याला पोती दिसत नाहीत. त्याला फक्त पाटे किती दबले तेवढंच कळतं.

वर पोत्यांची थप्पी. आणि दांडी तिथंच, रिकाम्या गाडीत होती तिथं! मी पाटे मोजायला लागलो आणि मधेच थांबलो. नवे पाटे जुन्यांत लपत नाहीत, अंगावर गंज नसतो.

"बाळासाहेब, पाटे कधी वाढवले?"

आता हे आमच्या सगळ्या पट्ट्याचं दुखणं. हंगाम आला की पाटेवाल्याकडं जायचं, दोन पाटे जास्तीचे घालायचे, म्हणजे जास्त पोती बसतात आणि गाडी वाकत नाही. गाडी वाकली नाही की मालकाची छाती फुगते. सगळे करतात. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

बाळासाहेब आता माझ्या शेजारी उताणे झाले होते. वर बघत म्हणाले, "सोयाबीन निगायच्या येळंला. का?"

"घाटातली खेप त्याच्या आधीची की नंतरची?"

त्यांची नजर त्या दांडीवर होती. आम्ही दोघं तसेच पडलो होतो, जोडीनं नवस फेडायला आल्यासारखे.

"तुमचा ट्रक भरला तरी वाकत नाही," मी सांगितलं. "म्हणून या बिचाऱ्याला वाटतं तो रिकामाच आहे. मग मागचे ब्रेक हा देतच नाही. सपाटीला पुढची चाकं कसंबसं निभावतात. घाटात ती तापतात, आणि तापली की कुणाचंच ऐकत नाहीत. गाडी वर काढली, माल उतरवला, पुढची निवली, की तुमचे ब्रेक ठणठणीत. कुणी का तपासेना."

खात्री करायला मी दांडी सोडवली आणि व्हॉल्वचा हात वर ओढून भरलेल्या गाडीच्या जागी तारेनं बांधला. फक्त तेवढ्या एका फेरीसाठी, हे नीट वाचा. घरी कुणी असला उद्योग करू नका, रिकाम्या गाडीत जीव जाईल. थोडा वेळ पुढच्या डिस्क निवू दिल्या. मग बाळासाहेबांना म्हटलं, किल्ली ज्ञानूला द्या, चालवू दे त्याला.

त्यांनी किल्ली दिली. मान खाली घालूनच दिली.

ज्ञानूनं ट्रक मागं नेला, वळवला, आला. त्याच जागी ब्रेक दाबला. सहाही चाकं एकदम बसली. पोती कुरकुरली, ट्रक विटेच्या अलीकडे उभा. म्हणजे अगदी स्पष्ट सांगायचं तर विटेला किंचित लागला, पण मी ती वीट तेव्हाच पायानं पुढं सरकवली आणि आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.

मी तांब्या घेऊन खाली शिरलो. मागच्या डिस्कनं असा आवाज केला की मला माझ्या लग्नातल्या बँडची आठवण झाली. म्हटलं, वा रे पोरी. ड्रम असते तर हे सगळं झाकणाखाली राहिलं असतं आणि मी अजून लायनर बदलत बसलो असतो. तेव्हा, डिस्क बसवायची गरजच नव्हती असं जे माझे मोहोळचे धंदेबंधू मागं बोलतात, त्यांना माझं एवढंच सांगणं : तुम्ही तिसरे असता तर तुम्हीही रिकामीच बघितली असती. तेव्हापासून ब्रेकची तक्रार आली की मी भरलेलीच गाडी मागवतो. आधी बाहेर चालवून बघतो, मग उतरवायला लावतो. ज्या गाड्या मी त्याआधी "ब्रेक ओके" म्हणून परत पाठवल्या, त्यांच्या ड्रायव्हरांना मालकांनी काय काय ऐकवलं असेल, त्याचा मात्र विचार येतो कधीमधी. इतका मोठा मिस्त्री असूनसुद्धा येतो.

ज्ञानू केबिनमधून उतरला. बाळासाहेबांचे कपडे आता कुठल्याच रंगाचे उरले नव्हते. ते म्हणाले, "दाजी, किल्ली ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. पेंड घेऊन निगा. झालं गेलं सोडा."

ज्ञानूनं किल्ली ट्रकच्या बॉनेटवर ठेवली.

"सोडतो की. पन तुमी स्टँडवर सांगितलंया ते कोन सोडंल?"

"सांगतो की स्टँडवर जाऊन."

"आत्ता सांग, दादा," सुमन म्हणाली. तिनं आवाज चढवला नव्हता, पण बाळासाहेबांचा हात आपोआप खिशात गेला. त्यांनी सिद्रामला फोन लावला. सिद्राम म्हणजे मोडनिंबच्या स्टँडवरचा चहावाला. त्याला सांगितलं की गावाला सांगितलं. सुमननं भावाच्या हातातला फोन घेतला, स्पीकर चालू केला आणि परत हातात दिला.

"सिद्राम, मी बोलतोय, बाळासाहेब. आरं त्ये आमच्या दाजींचं… घाटातलं. त्ये झोपलं न्हवतं बरं का. गाडीचाच दोष निगाला. पाटं वाढवलं हुतं मी, त्येच्यामुळं ब्रेक लागलं न्हाईत. सगळ्यास्नी सांग."

पलीकडं कपबशा वाजल्या. सिद्राम म्हणाला, "त्यात सांगायचं काय मालक? आमाला म्हाईत हुतं की."

"काय म्हाईत हुतं?"

"झोपला न्हवता म्हनून. आवो, झोपलेला मानूस गाडी कुटं घालंल? एका अंगाला दरी, एका अंगाला डोंगूर. ह्यानं बरोबर डोंगराच्या चारीत घातली. झोपंत कोन एवडी निवड करतंय? आमी तवाच बोललो आपापसात."

बाळासाहेब हातातल्या फोनकडं बघायला लागले. आणि खरं सांगतो, मी हातातल्या तांब्याकडं. पाने, जॅक, लेथ, तांब्या, एवढा खटाटोप करून मी जे सिद्ध केलं होतं, ते हा माणूस चहा गाळता गाळता केव्हाच करून बसला होता.

"मंग बोलला का न्हाईस मला?" बाळासाहेब कसेबसे म्हणाले.

"तुमी इचारलं कुटं मालक?" सिद्राम म्हणाला. "तुमी सांगितलं."

फोन बंद झाला. ज्ञानू ट्रकच्या बंपरवर बसला. त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं, एकदा, दोनदा, आणि हात तोंडावरच राहिले. सुमन त्याच्या शेजारी जाऊन बसली. मी त्यांच्याकडं पाठ करून पाने आवरायला लागलो, आणि मला आठवत नाही तेवढे पाने मी त्या दिवशी आवरले.

थोड्या वेळानं बाळासाहेब खाकरले. "दाजी, ऊन उतरायच्या आत निगायला पायजे. पेंड वाट बगतीया."

ज्ञानू उठला. बॉनेटवरची किल्ली उचलून त्यानं खिशात टाकली. मग ट्रकच्या मागच्या बाजूला गेला, हौद्याचं फाळकं खाली सोडलं आणि वरचं पहिलं पोतं खांद्यावर घेतलं.

"आवो, ह्ये काय करताय?" बाळासाहेब म्हणाले.

"सगळी उतरवतोय. आर्दी-आर्दी दोन खेपंत नेईन," ज्ञानू म्हणाला, आणि माझ्याकडं वळला. "मिस्त्री, रिकामी झाली की आदी जास्तीचं पाटं काढा. मग निगतो."

बाळासाहेबांनी बाह्या सारल्या आणि दुसऱ्या पोत्याला हात घातला.